चांगले पत्र आणि चौकस खार

कातळाच्या डोंगराखाली, एका मोठ्या तळ्याभोवती पसरलेल्या रानात एक खार राहत असे. तिला प्रश्न विचारायची भारी खोड होती. झाडावर नवे घरटे दिसले, की आतल्या पाखराला ती विचारी, "आधी कुठे राहत होतीस? तिथून का आलीस?" पाखरे कंटाळत, पण खारीच्या मनात वाईट काही नसे. तिला खरोखरच जाणून घ्यायचे असे.

त्या वर्षी रानावर एक संकट आले. कुठूनसा एक रानबोका तिथे येऊन राहिला आणि घरट्यांतली, बिळांतली पिल्ले पळवू लागला. सशांची तीन पिल्ले गेली. लांडोरीची चार गेली. तेव्हा वनसभा भरली आणि पहारेकरी नेमायचे ठरले. बातमी पसरताच चौथ्या दिवशी रानकुत्र्यांची एक टोळी हजर झाली. टोळीत अकरा जण होते. सगळे धिप्पाड, अंगाने तांबूस आणि एका रांगेत चालणारे. त्यांचा म्होरक्या मोठ्या अदबीने बोलत असे.

"आम्ही पहाऱ्याचेच काम करतो," तो म्हणाला. "याआधी बोरखिंडीच्या रानात होतो. वर्षभरात तिथे एक अंडेसुद्धा चोरीला गेले नाही. हे तिथल्या प्रमुखांचे पत्र." त्याने पळसाच्या पानावरचे पत्र पुढे केले. त्यात लिहिले होते, 'या पथकाने चोख पहारा दिला. आमची यांच्याविषयी काहीही तक्रार नाही.' टोळीला राहायला गुहा आणि खायला तळ्यातले मासे एवढेच हवे होते.

वनसभेचा प्रमुख होता एक म्हातारा सांबर. पत्र वाचून त्याचा चेहरा खुलला. "मग उशीर कशाला? आजच करार करू. करारावर माझ्या खुराचा ठसा उमटला, की दोन वर्षे आपल्याला काळजी नाही."

"सांबरकाका," फांदीवरून खार म्हणाली, "यांनी बोरखिंड का सोडली?"

"काम संपले," म्होरक्या म्हणाला.

"म्हणजे तिथले चोर संपले?"

म्होरक्या हसला, पण त्याने उत्तर दिले नाही. खारीला ते न मिळालेले उत्तर काही स्वस्थ बसू देईना. "मला तीन दिवस द्या, काका. मी बोरखिंडीला जाऊन विचारून येते."

"तीन दिवस?" लांडोर कळवळून म्हणाली. "खारूताई, माझी आता दोनच पिल्ले उरलीत. तुझी चौकशी होईस्तोवर तीही गेली तर?"

लांडोरीचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी सांबराने मधला मार्ग काढला. तीन दिवस लांडोरीने पिल्लांना घेऊन त्याच्या कळपात राहावे आणि चौथ्या दिवशी सकाळी करार व्हावा.

मुलांनो, खारीसारख्या एवढ्याशा जिवाला बोरखिंड फार लांब. फांद्यांवरून उड्या मारत, जिथे झाडे संपत तिथे जीव मुठीत धरून धावत, ती दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी तिथे पोचली. ऊन मी म्हणत होते. पण पाणवठ्यावर पाहते तर काय, हरणे, ससे, साळिंदरे सगळी गर्दी करून पाणी पीत होती!

खारीला नवल वाटले. एवढ्या उन्हात पाण्यावर कोण येते? एका सशाजवळ जाऊन तिने विचारले, "दादा, तुम्ही सगळे संध्याकाळी का येत नाही?"

"सवय," ससा म्हणाला.

"कसली सवय?"

सशाने आधी मागे पाहिले, मग झुडपांकडे पाहिले. "पहारेकरी गेले का गं नक्की?"

"ते आता आमच्याकडे आलेत."

सशाने कान पाडले. मग हळू आवाजात सांगू लागला. "संध्याकाळी ते इथे पाणवठ्यावर बसत. कुणाला पाणी प्यायला द्यायचे आणि कुणाला नाही, ते तेच ठरवत. दुपारी उन्हाने झोपत, म्हणून आम्ही दुपारी यायचो. ते जाऊन महिना झाला, पण संध्याकाळ झाली की अजून पाय इकडे वळत नाहीत. माझ्या बायकोच्या पायाला त्यांच्यातल्या एकाने कडकडून चावा घेतला. म्हणे, चोर वाटली. माझी बायको, पाला तोंडात धरून घरी चालली होती. आता लंगडते."

"तुम्ही तक्रार नाही केली?"

"कुणाकडे? तक्रार म्होरक्याकडेच करायची असा करार होता. एका साळिंदराने केली, तर त्यालाच आठ दिवस पाण्यावर येऊ दिले नाही. त्यानंतर कुणी तोंड उघडले नाही." ससा एकदम घाबरला. "माझे नाव सांगू नकोस हं!"

"नाही सांगणार," खारीने शब्द दिला. आता तिला वेगळाच प्रश्न पडला होता. मग ते पत्र कुणी लिहिले?

बोरखिंडीची प्रमुख होती एक वयस्कर नीलगाय. ती बाभळीच्या सावलीत एकटीच उभी होती. खारीने नमस्कार केला आणि विचारले, "मावशी, रानकुत्र्यांना दिलेले पत्र तुमचे का?"

"माझेच."

"ते खरे आहे?"

"वर्षभरात चोरी झाली नाही, हे खरे आहे."

"मी ते नाही विचारले, मावशी."

नीलगायीने मान खाली घातली. पायाखालची माती ती उगीचच खुराने उकरत राहिली. "चांगले पत्र लिहून द्याल तर आज जातो, म्हणाले. नाहीतर कराराप्रमाणे आणखी वर्षभर राहतो. माझ्यासमोर माझे रान होते, बाई. मी लिहून दिले. ते गेले त्या दिवशी आमची पोरे किती दिवसांनी मोकळी हुंदडली."

"आणि आता ते आमच्याकडे राहतील."

नीलगायीने नजर चुकवली. "तुम्ही येऊन सांगाल का हे?" खारीने विचारले. "मला भरल्या सभेत खोटारडी म्हणवून घ्यायला बोलावतेस?" नीलगाय म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मग खार परत निघाली, कारण चौथ्या दिवशी सकाळी करार होता आणि वाट लांब होती.

चौथ्या दिवशी सकाळी सभा भरली. दमून गेलेल्या खारीने ऐकलेले सगळे सांगितले. फक्त ते कुणाकडून ऐकले, ते सांगितले नाही.

म्होरक्या शांतपणे उठला. "तक्रार करणारा कोण? नाव सांगा. समोर आणा."

"नाव सांगणार नाही असा मी शब्द दिलाय," खार म्हणाली.

"बरं. आणि पत्र देणाऱ्या प्रमुखबाई कुठे आहेत?"

"त्या आल्या नाहीत."

"पाहिलेत?" म्होरक्या सभेकडे वळला. "आमच्याजवळ लिहिलेले पत्र आहे. हिच्याजवळ काय आहे? गप्पा." सभेत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणाले, खारीला भलत्या चौकशा करायची खोडच आहे. लांडोर पिल्लांना पंखाखाली घेऊन उठली. "काका, कालच तो बोका पुन्हा दिसला. करा तो करार."

खारीला रडू आले. तरी ती म्हणाली, "मी खोटी असेन तर असू दे. पण करारात एवढेच घाला. पहारेकऱ्यांविरुद्धची तक्रार वनसभेने ऐकायची, त्यांच्या म्होरक्याने नाही."

"हा आमचा अपमान आहे!" म्होरक्या गुरगुरला. त्याची अदब एका क्षणात गेली आणि दात दिसले. पुढे बसलेली हरणे मागे सरकली. सांबरही चपापला. पण समोर पत्र होते, पाठीमागे लांडोरीची पिल्ले होती. काय करावे ते त्याला कळेना. ओल्या मातीवर ठसा द्यायला त्याने अर्धवट पाय उचलला.

"थांबा!"

सभेच्या मागून नीलगाय येत होती. तिच्या पायांना काटे बोचले होते, तोंडाला फेस आला होता. आदल्या दिवसापासून ती चालत होती. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली.

"ते पत्र माझे आहे," ती म्हणाली, "आणि ते खोटे आहे. यांनी आमच्या रानातली एक सशीण कायमची लंगडी केली. एका साळिंदराला तहानेने तडफडवले. हे आमच्याकडून जावेत म्हणून मी त्यांची स्तुती लिहिली. माझे संकट मी तुमच्या दारात पाठवले. मला माफ करू नका हवे तर, पण यांना ठेवून घेऊ नका."

सांबराने उचललेला पाय मागे घेतला आणि कोरड्या जमिनीवर ठेवला. मग म्होरक्याला म्हणाला, "तुम्हाला काही सांगायचे आहे?"

म्होरक्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. "आम्हाला बोलावणारी रानं पुष्कळ आहेत," तो म्हणाला आणि टोळी जशी रांगेत आली होती तशी रांगेत निघून गेली. त्याच दुपारी नीलगायीने नवे पत्र लिहिले, आणि पारव्यांनी त्याच्या नकला आसपासच्या सगळ्या रानांत पोचवल्या.

पण रानबोका होताच! लांडोरीने खारीकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता, काळजी होती. "आता माझ्या पिल्लांना कोण राखणार, खारूताई?"

दोन दिवसांनी डोंगरापलीकडचे वानर आले. झाडांच्या शेंड्यांवर बसून चारी बाजूंना नजर ठेवायची आणि बोका दिसताच हाकाटी करायची, हे काम त्यांना जमण्यासारखे होते. खारीने नेहमीप्रमाणे विचारले, "तुमच्याविरुद्ध आजवर किती तक्रारी?"

वानरांचा नायक डोके खाजवू लागला. "चार. तीन खऱ्या आहेत. आम्हाला आवळ्यांचा भारी मोह, दोनदा दुसऱ्यांची झाडे ओरबाडली. एकदा एका पोराने सुतारपक्ष्याच्या घरट्याला धक्का मारला, त्याला आम्ही कामावरून काढले."

"आणि चौथी?"

"चौथी माझ्या मेहुण्याची आहे. ती घरची भानगड."

सभा खदखदून हसली. तरी खार डोंगरापलीकडे जाऊन आली. घरटे हललेल्या सुतारपक्ष्याला भेटली, आवळीखाली राहणाऱ्या मुंगसांना भेटली, मेहुण्यालासुद्धा भेटली. सगळे तसेच होते, जसे नायकाने सांगितले होते. करार झाला आणि त्यात लिहिले गेले, की वानरांविरुद्धची तक्रार वनसभा ऐकेल, मेहुण्याची सोडून कुठलीही.

पुढे रानबोका जिथे जाई तिथे डोक्यावर एकच गलका उठे. पंधरा दिवसांत वैतागून तो ते रान सोडून गेला. लांडोरीची दोन्ही पिल्ले मोठी झाली.

तात्पर्य : ज्याच्या हाती आपली राखण द्यायची, त्याने मिरवलेल्या स्तुतीवर थांबू नये; त्याच्या पहाऱ्याखाली जे राहिले, त्यांना जाऊन विचारावे. आणि कुणी आपल्याला विचारायला आले, तर स्वतःची सुटका व्हावी म्हणून खोटे चांगले सांगू नये.