सुतारपक्ष्याचा नियम

फार वर्षांपूर्वी एका वडाच्या खोडावर सुतारपक्ष्याने नियम कोरला होता: ‘इथे ज्याला जे वाटेल ते त्याने बोलावे.’ येणाऱ्याजाणाऱ्याला तो आपल्या अक्षरांचं वळण कौतुकाने दाखवायचा.

त्या वडावर वटवाघळं मोजकीच होती. कावळे रोज ओरडत, “ही उलटी लटकणारी जात अंडी चोरते! हाकला त्यांना!” अंडी कोण चोरतं, हे सुतारपक्ष्याला ठाऊक होतं, पण विद्वानाने मध्ये पडू नये, असं त्याचं मत होतं.

पिल्लाला पोटाशी धरून वाघळीण आली. “भाऊजी, त्यांना आवरा.”

“वहिनी, बोलण्याने कुणाचं पीस गळत नाही.”

“आम्हाला पिसं आहेत कुठं?”

या मुद्द्यावर विचार करायला त्याने वेळ मागून घेतला.

दुसऱ्या दुपारी कावळे वटवाघळांवर तुटून पडले. वाघळिणीचं पिल्लू सुटलं, खाली पडलं आणि गेलं.

संध्याकाळी कावळे पुन्हा जमले, तेव्हा सुतारपक्षी वटवाघळांच्या फांदीवर जाऊन बसला. “नावं हवी तेवढी ठेवा. पण ‘हाकला’ म्हणालात, तर आधी माझ्याशी गाठ आहे.”

कावळे खदाखदा हसले, पण पुढे आले नाहीत. आपली चोच कोरण्याखेरीज आणखी कशाला उपयोगी पडते, हे त्या विद्वानाला कळायला एक पिल्लू जावं लागलं.