कपाळावरचे कोंब

डोंगराच्या पायथ्याशी, सागाच्या रानात, चितळांचा एक कळप चरत असे. त्यात नुकतेच वयात येऊ लागलेले चार-पाच नर होते. त्यांतल्या एकाच्या कपाळावर शिंगांचे जेमतेम दोन कोंब फुटले होते. ते इतरांपेक्षा लहान आहेत, ही गोष्ट त्याला आतून खात असे. कुणाची नजर तिकडे जाऊ नये म्हणून एकदा पाणवठ्यावर तो आपल्या सोबत्याकडे बघून म्हणाला, "हा पाहा बोडक्या." त्या सोबत्याला कोंबच फुटले नव्हते. सगळे हसले, आणि मुलांनो, ते नाव त्याला चिकटले. तो चरायला आला की कुणी मागून तशी हाक मारी, पाणी प्यायला वाकला की कुणी कपाळाला ढुशी देई. नाव ठेवणारा आता स्वतः काही बोलत नसे; पण बाकीचे हसले की तोही हसे.

हळूहळू सोबती कळपात दिसेनासा झाला. एका सकाळी त्याची आई नाव ठेवणाऱ्या चितळाजवळ आली. "बाळा, तू त्याचा मित्र ना? तो खात नाही, माझ्याशी बोलत नाही. काय झालंय त्याला, तुला ठाऊक आहे का?"

"नाही," तो म्हणाला. तिने त्यावर विश्वास ठेवला आणि ती निघून गेली. त्याने तोंडातला पाला टाकून दिला.

तो सोबत्याला शोधत निघाला. दूर एका खैराच्या खरखरीत खोडावर सोबती कपाळ घासत होता. कातडी सोलून रक्त आले होते. "शिंगं आली की तुम्ही हसायचे थांबाल ना?" त्याने विचारले.

नाव ठेवणाऱ्याची मान वर होईना. "ते नाव मी ठेवलं. माझे कोंब कुणी पाहू नयेत म्हणून."

"मला माहीत आहे," सोबती म्हणाला. "तू होतास, म्हणूनच जास्त लागलं."

नाव ठेवणारा तसाच सोबत्याच्या आईकडे गेला आणि आपल्या खोटेपणासकट सारे सांगून मोकळा झाला. ती खैराकडे धावली. संध्याकाळी पाणवठ्यावर त्याने तेच सगळ्यांसमोर सांगितले. काही जण आता त्याच्याच कोंबांकडे बघून हसले. त्याचे कान तापले, पण तो जागचा हलला नाही. दोघा-तिघांनी माना खाली घातल्या.

आईच्या सोबतीने जखम भरत आली, तसा सोबती कळपात परतला. नाव ठेवणारा जवळ गेला की तो बाजूला सरके. त्याचा याला राग आला नाही. ते नाव कुणाच्या ओठांवर आले की हा तिथेच अडवी. पुढे एके दिवशी हा शेजारी पाणी प्यायला उभा राहिला, तेव्हा सोबती सरकला नाही. तो पाणी पीत राहिला.

तात्पर्य : आपली भीती लपवायला दुसऱ्याची थट्टा केली, तर जखम त्याला होते. लाज वाटली तर ती गिळून गप्प बसू नये. चूक उघडपणे कबूल करावी, आणि माफीची घाई करू नये.