शेवटची आंघोळ

उन्हावर पाणी तापवायची नवलाई होती, तेव्हाची गोष्ट. कॉइल जळालेल्या गीझरची टाकी गच्चीवर भंगारवाल्याची वाट बघत पडली होती. "थेंबभर पाणी तापवता येत नाही, तुझा उपयोग काय?" शेजारीच बसवलेला सोलर हिणवायचा.

त्या घरात सगळ्यांच्या आंघोळी उरकेपर्यंत गरम पाणी संपायचं. शेवटी सून वृंदाच्या वाट्याला गारच यायचं. भंगारवाला आला, तशी तीच आडवी आली.

"बाबा, कॉइल गेलीय, टाकी ठणठणीत आहे! सोलरला जोडून घेऊ," ती सासऱ्यांना म्हणाली.

मग दुपारचं जादा गरम पाणी टाकीत साठू लागलं. दुसऱ्या सकाळी शेवटच्या आंघोळीलाही न्हाणीघरातून वाफ आली, आणि वृंदाचं गाणंही.

"बघ, माझं पाणी पुरलं!" सोलर ऐटीत म्हणाला.

"पुरलं हो," रात्रभर ऊब सांभाळलेली टाकी हसून म्हणाली.