मोराने मांडलेली गुहा

मोह आणि साग दाट माजलेल्या एका जंगलात, डोंगराच्या अर्ध्या चढावर, अस्वलांचे एक कुटुंब राहत असे. अस्वल, त्याची अस्वलीण, त्यांची दोन पिल्ले आणि अस्वलाचे म्हातारे वडील. म्हाताऱ्याचे दोन्ही डोळे गेले होते. पण मुलांनो, त्याला पाणी द्यायला किंवा हाताला धरून न्यायला कुणी लागत नसे. त्याचे पानांचे अंथरूण गुहेच्या मधोमध होते. तिथून उठला की त्याच्या पंजाला एक जाड ओंडका लागे. ओंडक्याच्या कडेकडेने आत गेले की खडकातून पाझरणारे पाणी मिळे. बाहेर गेले की गुहेच्या तोंडाशी एक रुंद दगड. त्या दगडाला छाती टेकली की म्हातारा थांबे आणि तिथेच ऊन खात बसे. दगडाच्या पलीकडे सरळ तुटलेला कडा होता आणि खाली दरी.

त्या दिवसांत जंगलात एक मोर घरोघर हिंडत असे. कुणाच्या बिळात काय कुठे ठेवावे, कुणाच्या ढोलीत उजेड कुठून यावा, हे तो न विचारता सांगे. त्याने साळींदराचे बीळ नव्याने मांडून दिले होते आणि ते पाहून आल्यापासून अस्वलाला चैन पडेना.

"काय देखणं झालंय त्यांचं घर!" तो बायकोला म्हणाला. "आपल्याकडे पाऊल टाकलं की आधी ओंडकाच आडवा येतो. नुसती अडगळ."

"त्या अडगळीत तुम्ही कधी अडखळलात?" अस्वलीण म्हणाली. "सावरीच्या फांदीवर झोपणारा तो! त्याला घरातलं काय कळतं? माझ्या घराला त्याचा पंख लागायचं काम नाही."

विषय तिथेच संपला असे तिला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिल्लांना पाठीवर घेऊन मोहाची फुले वेचायला गेली. ऊन चढू लागले तशी परतली. चढणीच्या शेवटच्या वळणावर तिने सहज वर पाहिले. सासरा कड्याच्या अगदी काठावर उभा होता. त्याच्यापुढे दगड नव्हता. तो पंजा पुढे करून हवेत चाचपडत होता आणि एकेक पाऊल सरकत होता.

"मामंजी! थांबा! जागचे हलू नका!"

पिल्लांना तिने तिथेच झुडपात उतरवले आणि ती धावत सुटली. म्हातारा तिच्या आवाजाच्या रोखाने वळू लागला. त्याच्या पायाखालचा एक खडा निसटून दरीत गेला आणि बराच वेळ खडखडत राहिला. तेवढ्यात ती पोहोचली. मानेचे केस दातांत धरून तिने त्याला मागे खेचले, तसे दोघेही गुहेच्या तोंडाशी धपकन आपटले.

म्हाताऱ्याच्या नाकावर ओरखडा होता, त्यातून रक्त येत होते. तो धापा टाकत म्हणाला, "सूनबाई, दगड कुठं गेला गं? मी पुष्कळ शोधला. आत ओंडकाही जागेवर सापडेना. नाकच आपटलं त्याच्यावर. म्हटलं, निदान उन्हाला तरी जाऊन बसावं." मग आवाज खाली आणून, जणू काही त्याचीच चूक असावी तसा, तो पुढे म्हणाला, "उठल्यापासून पाणीसुद्धा सापडलं नाही बघ."

अस्वलीण गुहेत शिरली. रुंद दगड आतल्या भिंतीला टेकवून उभा केला होता. ओंडका तोंडाजवळ तिरका टाकून त्यावर पळसाची फुले पसरली होती. सासऱ्याचे अंथरूण पार मागच्या ओलसर कोपऱ्यात कोंबले होते. आणि मधल्या मोकळ्या जागेत पिसारा फुलवून मोर उभा होता. त्याच्या शेजारी, ओझी ढकलून दमलेला तिचा नवरा.

"आलीस? बघ, किती मोकळं वाटतंय!" तो हरखून म्हणाला.

अस्वलीण नवऱ्याकडे न बघता थेट मोरापुढे जाऊन उभी राहिली.

"मामंजींचं अंथरूण तिकडे कुणी नेलं?"

"मीच सांगितलं," मोर मान वेळावत म्हणाला. "आल्यागेल्याची पहिली नजर मधोमध पडते. तिथं म्हाताऱ्यांचं अंथरूण शोभत नाही, वहिनी."

"शोभत नाही?" अस्वलिणीच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. "ज्यांनी ही गुहा शोधली, नखं झिजवून साफ केली, ते या गुहेत शोभत नाहीत? आणि दारातला तो दगड?"

"देखावा अडत होता. आता पाहा, सगळी दरी कशी नजरेत भरते!"

"भरली खरी! आत्ता माझे सासरे त्याच दरीत जात होते! तुझ्या देखाव्यात! दगड कशासाठी आहे, एवढं विचारायला तुझी चोच झिजली असती का?"

अस्वलाच्या तोंडचे पाणी पळाले. "काय? बाबांना झोपेतच कोपऱ्यात सरकवलं होतं... दगडाच्या खडखडाटात ते उठलेले कळलंच नाही... मी म्हटलं, नंतर सांगू त्यांना..."

"नंतर? कधी नंतर?" ती नवऱ्याकडे वळली. "तुमच्या बापाची वाट उचलून भिंतीला लावलीत आणि त्यांना सांगितलंसुद्धा नाहीत! मिटा डोळे."

"अगं, पण..."

"मिटा म्हणते ना! आणि जा, पाणी पिऊन या."

अस्वलाने डोळे मिटले. ज्या गुहेत तो लहानाचा मोठा झाला त्या गुहेत त्याने चार पावले टाकली आणि पाचव्याला भिंतीवर डोके आपटले. वळला तो दगडाच्या धारेवर गुडघा फुटला. पुढचे पाऊल टाकायला तो इतका घाबरला की मधेच मटकन बसला. डोळे उघडले तेव्हा बाप दारात उभा होता, नाकावरचे रक्त पंजाने पुसत. अस्वलाला वर मान करून बघवेना.

मोर मात्र म्हणाला, "सौंदर्यासाठी थोडं सोसावं लागतंच."

"सोसायचं असेल तर तू सोस!" अस्वलीण गरजली. "तू मिरवायचंस आणि आमच्या म्हाताऱ्याचा कडेलोट व्हायचा? चालता हो माझ्या घरातून!"

मोराने पिसारा मिटला आणि तो डौलातच बाहेर पडला. त्याला वाईट वाटले, असे काही नाही. खालच्या उतारावर सशाला तो सांगत होता, "अस्वलांना अभिरुचीच नाही," आणि सशाच्या बिळात मान घालून कुठे काय बदलावे ते दाखवत होता.

अस्वलिणीने पिल्लांना वर आणले, ओंजळीने सासऱ्याला पाणी पाजले. मग नवरा-बायको कामाला लागली. पहिल्यांदा अस्वलाने दगड ढकलत ढकलत कड्यावर नेऊन बसवला आणि तो हलत नाही ना, हे स्वतःच्या छातीने रेटून तीनदा पाहिले. अंथरूण मधोमध आले. अस्वलिणीच्या तोंडाची टकळी अजून चालूच होती. "कुणी म्हणून विचारलं नाही! घरातल्या माणसाला विचारायची साधी रीत नाही या मेल्यांना!"

ओंडका मूळच्या जागी आणताना अस्वल थांबला. "बाबा," तो चाचरत म्हणाला, "ओंडका इथंच होता ना? बरोबर आहे?"

म्हाताऱ्याने ओंडका पंजाने चाचपून पाहिला. मग संकोचून म्हणाला, "होता तिथंच आहे रे. पण... आता विचारतोसच म्हणून सांगतो. पंजाभर पलीकडे घेता आला तर बघ. उठताना त्याची एक फांदी माझ्या बरगडीत रुतते. गेल्या पावसाळ्यापासून रुततेय."

अस्वलीण बोलता बोलता एकदम थांबली. तो ओंडका तिथे तिनेच ठेवला होता, मोठ्या मायेने, सासऱ्याला आधार व्हावा म्हणून. ‘विचारले नाहीत’ म्हणून ती मघापासून मोराला आणि नवऱ्याला फाडून खात होती. आणि तिने?

"मामंजी, मला का नाही सांगितलंत?" तिने हळूच विचारले.

"तू विचारलं नव्हतंस, बाई," म्हातारा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते तिला जास्त लागले.

ती ओंडक्यापाशी बसली. ती बोचरी फांदी तिने दातांनी मुळापासून कुरतडून काढली आणि नवऱ्याला म्हणाली, "घ्या, पंजाभर पलीकडे. आणि बसवायच्या आधी मामंजींना हात लावून बघू द्या."

तात्पर्य : घर पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी नव्हे, राहणाऱ्याच्या सोयीसाठी मांडावे, आणि मायेनेही एखादी वस्तू हलवण्याआधी घरातल्या सर्वांत दुबळ्याला विचारावे.