दोघांचं

सकाळचे आठ. कृष्णेचा घाट, पाण्यालगतची पायरी. धुकं अजून उठलेलं नव्हतं.

“चूल न पेटवता माणूस बारीक कसा राहतो, तेवढं सांगा,” यशवंत तगारे म्हणाले. “बाकीचं अध्यात्म मला नको.”

केशवबुवा पाण्याकडे बघत होते. सत्तरी उलटलेली, अंग वाळल्या शेंगेसारखं. स्वतःसाठी त्यांनी कधी रांधलं नव्हतं. पाच घरची माधुकरी मागायची, झोळीसकट नदीत बुडवायची आणि चव धुऊन गेली की खायची, हा त्यांचा नेम.

“घाई आहे, वकीलसाहेब?”

“बहीण मिरजेत डायलिसिसवर आहे. माझं मूत्रपिंड तिला जुळतंय. पण डॉक्टर म्हणतात, आधी वजन उतरवा, मगच टेबलावर घेतो. ती वाट बघतेय आणि मी फुगतोय.”

“खाता काय?”

“तीच तर तक्रार आहे.” तगाऱ्यांचा आवाज कोर्टातल्यासारखा चढला. “घरी रांधणारं कोणी नाही. मला धड चहा येत नाही. आहाराचे तक्ते छापणारे खुशाल धरून चालतात, की घरोघरी एक बाई पहाटे उठून मटकीला मोड आणतेय. ती नसेल तर? तर पौष्टिक म्हणून पाकीट घ्या. पाकीट उलटून वाचा, निम्मी साखर. यांना कोणी जाब विचारत नाही.”

“विचारा की.”

“विचारला. दोन कंपन्यांना नोटिसा धाडल्या.”

“मग?”

“वजन हललं नाही.”

बुवा गालात हसले. शेजारची झोळी उचलून त्यांनी तगाऱ्यांच्या मांडीवर ठेवली.

“माझा आज उपास आहे. तुमच्यापुरतं मागून आणा.”

“मी? भीक?”

“रांधता येत नाही म्हणालात ना.”

...

तगारे अनवाणी निघाले. धुक्यात गल्ली लांबत गेल्यासारखी वाटत होती. कुठल्या तरी घरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो जवळ येई, मग कुठेच नसे. आपण चालतोय की दारंच आपल्याकडे येताहेत, त्यांना कळेना.

चार दारांत कोणी काही विचारलं नाही. एक हात बाहेर आला, चतकोर पडली. दुसरा हात, थोडी घेवड्याची भाजी. ते हात कुणाचे, हेही दिसलं नाही.

पाचव्या दारातली बाई मात्र थांबली. हाताला पीठ होतं.

“बुवा नाही आले?”

“त्यांचा उपास आहे.”

“मग किती जणांचं घालू, दादा?”

“दोघांचं,” तगारे म्हणाले.

बाईनं त्यांच्या मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता. ती वळली. आत जाऊन दोन अख्ख्या भाकऱ्या घेऊन आली.

...

बुवांनी झोळी उघडली. दोन्ही भाकऱ्या पायरीवर शेजारी शेजारी मांडल्या.

“मी जेवणार नाही, हे सांगितलं होतं.”

“हो.”

“मग ही दुसरी कुणाची?”

तगारे भाकरीकडे बघत राहिले.

“सवय...” ते म्हणाले. “नलिनी आजारी पडली तेव्हा मेसचा डबा लावला. दोघांचा. घरात स्वयंपाक होईना म्हणून.”

“मंडळी?”

“गेली. गेल्या पौषात.”

“आणि डबा?”

“येतो.”

“दोघांचा?”

“मेसवाल्या बाईंना फोन लावतो, बुवा. रोज लावतो. उद्यापासून एकाचाच द्या, एवढंच सांगायचं असतं. त्या हॅलो म्हणतात... मी म्हणतो, आमटीत मीठ कमी घाला.”

पाण्यावर धुकं हललं. पलीकडचा काठ दिसला, पुन्हा गेला.

“आमटीत मीठ कमी असतं?”

“असतं. चांगला असतो डबा. भाजी, वरण, कोशिंबीर, सगळं घरच्यासारखं. खोट काढायला जागा नाही.”

“तिच्या वाटणीचं कोण खातं?”

“मीच.” तगाऱ्यांनी मान खाली घातली. “आधी तिचं ताट वाढतो. थोडा वेळ बसतो. मग... टाकवत नाही.”

बुवांनी चतकोर, भाजी आणि एक भाकरी झोळीत घातली. झोळी पाण्यात बुडवली, वर काढली, निथळू दिली. मग तगाऱ्यांच्या पुढे धरली.

तगारे जेवले. चव नव्हती. घास मात्र उतरत होता, सावकाश, आणि शेवटच्या घासाला पोट भरलं.

दुसरी भाकरी पायरीवर तशीच होती. कोरडी, अजून कोमट. तगाऱ्यांचा हात सवयीनं तिच्याकडे गेला.

बुवांनी हात धरला नाही. नुसतं विचारलं, “मागच्या पौषापासून तिचं सगळं तुम्हीच खाता?”

“हो.”

“म्हणजे नलिनीबाई तेव्हापासून उपाशीच आहेत.”