केतकीच्या सख्यांची सोळावी दिवेलागण

एका राज्यात घरोघरी बोलके दिवे होते. दिवा पितळेचा, त्याच्या पाठीवर धूम्रकेश जादूगाराचं नाव कोरलेलं. तिन्हीसांजेला एका ज्योतीपुढे बोललं, की सातशे गावांतल्या ज्योती तेच बोलायच्या. दिवे धूम्रकेशानं वाटले होते. वाती मात्र ज्याच्या त्यानं घालायच्या. बायका चातुर्मासभर वाती वळायच्या आणि हळदीकुंकवाला एकमेकींना वाण म्हणून द्यायच्या. कासारीण बांगड्यांबरोबर त्या गावोगाव पोचवायची. हिच्या हातची वात तिच्या दिव्यात, तिच्या हातची आणखी तिसरीच्या.

त्या राज्यात आवडी नावाची एक सून होती. व्रतावैकल्यांची, मऊ बोलायची. एकदा देवळात भाटानं केतकी राक्षसिणीची कहाणी लावली. राजपुत्र आला, त्यानं केतकीला डोंगरात कोंडलं, गुहेच्या तोंडावर धोंड बसवली आणि लग्नाला निघून गेला. आवडीनं विचारलं, "मग राक्षसिणीचं पुढे काय झालं?"

भाट म्हणाला, "राक्षसिणीचं काय व्हायचंय? प्रसाद घ्या आणि घरी जा."

आवडीला काही ते पटलं नाही. त्या सांजेला तिनं दिव्यापुढे स्वतःच सांगितलं, डोंगरात केतकी काय करत होती ते. ज्योत हलली. लांबून कुणी म्हणालं, "मग?" दुसरी म्हणाली, "माझी केतकी तिथं मोगरा लावते हो." तिसरी म्हणाली, "माझी राजपुत्राला रोज मोजून शिव्या देते." महिन्याभरात शेकडो जणी झाल्या. स्वतःला त्या केतकीच्या सख्या म्हणवायच्या. कुणी कुणाच्या केतकीला खोटी म्हणत नसे.

सख्यांचा एक नेम होता. सांगणारीनं आधी सांगायचं, "आज कहाणीत मरण आहे. जिला सोसणार नाही, तिनं वात मंद करावी, उद्या यावं." मगच सुरुवात.

रोज शेवटी एक बारीक आवाज यायचा, "मी आहे." तेवढंच. नाव नाही, गाव नाही. एके दिवशी तो आवाज म्हणाला, "माझ्याही दाराला धोंड आहे, आवडीताई. कडी आतूनच आहे, पण हात होत नाही. केतकी बाहेर आली, की मीही येईन."

आवडीनं वसा घेतला. सोळा दिवेलागणी कहाणी सांगायची आणि सोळाव्या दिवशी केतकीला डोंगराबाहेर आणायची. बारा झाल्या. तेराव्या दिवशी सकाळी दिव्यांतून धूम्रकेश बोलला, "आजपासून माझ्या दिव्यापुढे मरण, रक्त, रडणं, बंड यांची नावं काढायची नाहीत. घरात अशुभ होतं."

आवडी हात जोडून म्हणाली, "देवापुढे रडू नये, असं कुठल्या देवानं सांगितलंय?" 

सख्या घाबरल्या. एक म्हणाली, "अगं, आपण आधी सांगतो ना, आज हे आहे, आज ते आहे, त्यावरच तो कान ठेवणार. सांगणंच सोडू या."

"आणि जिला सोसत नाही, तिनं अंधारात ठेचाळावं? ते नाही व्हायचं," आवडी म्हणाली. आणि सांजेला सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "आज कहाणीत रडणं आहे."

दिव्यावर धुराचं झाकण पडलं. ज्योत काळवंडली. सख्यांचे सगळे दिवे तसेच मुके झाले. आवडी किती वेळ वाट पाहत बसली, पण "मी आहे" आलं नाही.

तिची साळुंकी खिडकीत येऊन बसली. "आवडीबाई, झाकणानं गिळलेले शब्द धूम्रकेशाच्या रांजणात आहेत. त्यांची काजळी झालीय. हात लावील तो मुका होतो."

"वाट दाखव, साळूबाई."

सासूबाई जात्यावरून म्हणाल्या, "एका राक्षसिणीसाठी एवढी वणवण? लोक काय म्हणतील!" आणि उठून कणकेचं गाठोडं, तुपाची वाटी नि वाणाच्या वाती तिच्या ओच्यात घातल्या. "उपाशी भांडू नकोस. आणि तुझी ती मोगऱ्यावाली, तिला विचार, कळी आली का."

सासूबाई रोज भिंतीआडून ऐकत होत्या, हे आवडीला तेव्हा कळलं.

तीन डोंगर ओलांडून ती धूम्रकेशाच्या महाली पोचली. त्याचे केस धुराचे होते आणि छताला टेकले होते. तो म्हणाला, "तीन कामं कर. मग रांजण ने. पहिलं, माझ्या अंगणात दिवा लाव."

अंगणात चाळीस वारे राहत होते. आवडी मधोमध बसली आणि म्हणाली, "वाऱ्यांनो, केतकीची कहाणी सांगते. आज कहाणीत तुफान आहे. ज्याला सोसणार नाही, त्यानं बाजूला व्हावं." एक धाकटा वारा उठून कुंपणाबाहेर गेला. एकोणचाळीस मांडी घालून बसले. ऐकता ऐकता श्वास घ्यायचे विसरले. दिवा लागला.

"दुसरं," धूम्रकेश म्हणाला. "रांजणातून तुझ्या त्या ‘मी आहे’वाल्या सखीचा आवाज ओळखून काढ."

"तिला मी कधी पाहिलंही नाही."

"म्हणून तर सांगितलं."

आवडीनं रांजणाला हात लावला नाही. वाटीतल्या तुपाचा थेंब आत सोडला. काजळी आणि तूप मिळून काजळ होतं, हे कुठल्याही आईला ठाऊक असतं. त्या काजळाला कसला शाप? तिनं बोटभर डोळ्यांत घातलं आणि रांजणातला शब्द न् शब्द तिला ओळखू येऊ लागला. हा मोगऱ्यावालीचा, या शिव्या कुणाच्या ते सांगायलाच नको. अगदी तळाशी, "मी" आणि "आहे" यांच्यामध्ये जरासा अडखळणारा, तो होता. तिनं तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

धूम्रकेशाचे केस खाली आले. "तिसरं. सगळ्यांच्या वतीनं शपथ घे, की केतकी डोंगरात कधी रडलीच नाही. हसत गेली, हसत राहिली. एवढं बोल. दिवे पुन्हा लागतील, सखी ऐकेल."

साळुंकी कुजबुजली, "बोल की. एक वाक्य तर आहे."

आवडीनं पदराची गाठ मुठीत धरली. ती पोर दाराशी वाट पाहत असेल. एक वाक्य बोललं, तर आजच तिचा दिवा लागेल. पण धोंडेमागे रडणाऱ्या मुलीला, धोंडेमागे कुणी रडतच नाही, असं सांगायचं?

"नाही," आवडी म्हणाली. "रडलीच नसेल, तर डोंगरातून बाहेर येते ती कोण? तुझी शपथ तुझ्यापाशी ठेव."

"मग माझे दिवेही माझ्यापाशी!" धूम्रकेशानं टाळी वाजवली. "जे जे माझं, ते ते माझ्याकडे!"

सातशे गावांतून दिवे उडाले. खणखणत महालात येऊन पडले, कमरेएवढा ढीग झाला. धूम्रकेशानं एक उचलला. "बोल!" दिवा गप्प. दुसरा उचलला. तोही गप्प.

आवडीनं वाकून पाहिलं. एकाही दिव्यात वात नव्हती. त्याचं तेवढंच उडून आलं होतं.

ती खाली बसली, महालातल्या तांब्यातलं पाणी घेऊन कणीक मळली आणि तिचा दिवा केला. त्यात उरलेलं तूप आणि वाणाची एक वात घालून तिनं ती पेटवली.

ज्योत बोलली, "अगं आवडी! आमचे दिवे गेले गं! वाती कोनाड्यात नुसत्याच जळतायत, विझतही नाहीत!"

"कणीक मळा," आवडी म्हणाली. "करवंटी घ्या, पणती घ्या, जे असेल ते घ्या. आवाज वातीत होता, बायांनो. वाती आपण वळल्या."

त्या ज्योतीची आच रांजणाला लागली. रांजण तडकला आणि शब्द आपापल्या घरी निघाले. धूम्रकेशाचे केस विरून गेले. आत एक टकला म्हातारा निघाला. आवडीनं पितळ घासायला अंगणातली चिंच त्याच्यापुढे ठेवली. "दिवे चांगले आहेत, बाबा. घासत जा. पण कुणाच्या तोंडावर झाकण घालू नकोस."

अडलेली तेरावी, मग चौदावी, पंधरावी झाली. सोळाव्या सांजेला राजा स्वतः आवडीच्या दाराशी आला. "आम्हालाही एक वात मिळेल का?"

"वळायला शिका, महाराज," सासूबाई आतून म्हणाल्या. राजा ओसरीवर बसून कापूस पिंजू लागला.

आवडीनं पदराची गाठ सोडून तो आवाज ज्योतीला दिला. मग म्हणाली, "आज कहाणीत रडणं आहे, रक्त आहे, बंड आहे. जिला सोसणार नाही, तिनं वात मंद करावी." एकीनंही केली नाही. आवडीनं सांगितलं, केतकी रडली कशी, नखं मोडेपर्यंत धोंड लोटली कशी, आणि उजेडात आली कशी.

ज्योती सरळ तेवत होत्या. 

मग लांबवर, कुठल्याशा घरात, गंजलेली कडी करकरली. दार उघडलं. बाहेरच्या वाऱ्यानं सातशे गावांतल्या ज्योती एकदम लवल्या, विझली एकही नाही.

"मी आहे," आवाज म्हणाला. या वेळी तो मध्ये अडखळला नाही. "माझं नाव चिमणा. अंगणात उभी आहे."

दुसऱ्या दिवशी राजानं दवंडी पिटवली, की या राज्यात ज्योतीपुढे काय बोलावं, हे ज्योत लावणारीनं ठरवावं. चिमणाची कडी जशी निघाली, तशी अडलेल्या सगळ्या लेकीबाळींची निघो. ऐकणारीनं एक वात वळावी, दुसरीला द्यावी, आणि इथं कहाणीला हात जोडावेत.