ऐन तलहाचा मबरूक आणि जमिनीखालचा ठोका

फार वर्षं झाली. समुद्रापलीकडे, जिथे डोंगर संपतो आणि वाळू सुरू होते, तिथे ऐन तलहा नावाचं गाव होतं. आजही आहे. खजुराची झाडं, मातीची घरं आणि ओंजळभर पाणी, एवढीच त्याची दौलत. ते पाणीही वर दिसायचं नाही. डोंगराच्या पोटातून एका भुयारी पाटाने ते गावापर्यंत यायचं. पाटात माणसाला वाकूनच चालावं लागे, आणि दर पन्नास पावलांवर आत उतरायला एक उभी विहीर होती. हा पाट पहिल्यांदा कोणी खणला ते गाव विसरलं. मबरूकला मात्र विसरलं नाही.

मबरूक पाट उपसायचा. वाळू ढासळायची, पाट तुंबायचा, आणि हा कुदळ घेऊन खाली उतरायचा. असं म्हणतात, जमिनीला कान लावला की त्याला खालचं पाणी श्वास घेताना ऐकू यायचं. मंडळी, यात थोडा मीठमसाला असेल. पण आठ आठ दिवसांच्या वाटेवरून लोक त्याला न्यायला उंट घेऊन येत, ते काही उगीच नाही.

आता त्या गावाचा एक कायदा ऐका, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. पाट ढासळून कोणी खाली अडकला, तर त्याने कुदळीने ठोकायचं. तीन ठोके, मग थांबायचं, मग एक. ज्याला ते ऐकू येईल त्याने तसंच ठोकून उत्तर द्यायचं. अडकलेला मित्र असो की सात पिढ्यांचा वैरी, उत्तर द्यायचंच. आणि एकदा उत्तर दिलं की तो माणूस बाहेर येईपर्यंत जागा सोडायची नाही. उत्तर देऊन उठून गेलेल्या माणसाशी गाव सोयरीक करत नसे.

अशा त्या गावात एके वर्षी पलटण आली. तिला तिरायर पलटण म्हणत. फ्रान्सच्या साहेबांनी त्या मुलखातल्याच माणसांची ती उभी केली होती. हुकूम देणारे तिकडचे, मरणारे इकडचे. निळी जाकिटं, लाल टोप्या, पुढे ढोल. तिच्या झेंड्यावर लांबलांबच्या लढायांची नावं सोनेरी धाग्याने भरली होती. त्या लढायांत ज्या गावांची पोरं गेली, त्या गावांची नावं भरायला धागा उरला नसावा.

युद्ध पेटलं होतं आणि माणसं हवी होती. चिठ्ठ्या टाकल्या. एक चिठ्ठी जिलानी नावाच्या मेंढपाळाची निघाली आणि एक तय्यबची. तय्यब हा खैरा नावाच्या विधवेचा एकुलता एक मुलगा. खैरा मबरूकच्या दारात आली. ती रडली नाही, असं म्हणतात.

"भाऊ, माझ्या घरात दुसरं माणूस नाही," एवढंच ती म्हणाली.

मबरूकने कुदळ उचलली आणि तो कप्तानासमोर जाऊन उभा राहिला. "पोराच्या जागी मला घ्या," तो म्हणाला. कप्तानाने त्याचे खांदे पाहिले, तळहात पाहिले. खणणारा माणूस पलटणीला हवाच होता. त्याने मबरूकला घेतलं आणि तय्यबलाही सोडलं नाही. याला म्हणतात साहेबी न्याय! गावाच्या वेशीवर खैराने मबरूकची वाट अडवली.

"माझ्या तय्यबला माझ्याकडे परत आणशील?"

"आणेन," मबरूक म्हणाला. बोलून गेला, आणि शब्द गळ्यात पडला.

समुद्र ओलांडून पलटण एका गार, चिखलाच्या मुलखात पोचली. तिथला डोंगर खडूसारखा पांढरा होता. दोन्हीकडची सैन्यं खंदकांत बसली होती, आणि खंदकांच्याही खाली भुयारं खणून एकमेकांच्या पायाखाली सुरुंगाची दारू पेरत होती. मबरूकला आणि त्याच्या दोघा गाववाल्यांना त्या भुयारांत धाडलं. काम एकच. भिंतीला कान लावून शत्रूची कुदळ ऐकायची. आणि हुकूमही एकच. आवाज करायचा नाही. आवाज केला तर शत्रूला जागा कळेल आणि सगळे उडतील.

एके सकाळी स्फोट झाला. जिलानी आणि तय्यब होते तो भुयाराचा भाग ढासळला. मबरूक मागे होता, तो वाचला. त्याने पांढऱ्या भिंतीला कान लावला. बराच वेळ काहीच नाही. मग आलं. तीन ठोके. थांबून एक.

पण ठोका भलत्याच बाजूने येत होता. पोरं समोर होती आणि आवाज डावीकडून, शत्रूच्या अंगाने. कप्तान खाली आला, त्यानेही ऐकलं. "शत्रू आहे. फसवतोय. खबरदार उत्तर दिलंस तर," तो म्हणाला. कप्तानाचंही खोटं नव्हतं. वर पलटणीची दीडशे माणसं बसली होती. हे मबरूकला कळत नव्हतं असं नाही. पण जमिनीखालून हाक आली होती. त्याने कुदळ उलटी धरली आणि दांड्याने ठोकलं. तीन. थांबून एक.

कप्तान त्याच्या थोबाडीत मारून वर निघून गेला. मबरूक खणायला लागला.

दिवसभर खणलं तेव्हा भिंत फुटली आणि आतून एक माणूस निघाला. नखशिखांत पांढरा, परक्या गणवेशातला. शत्रूच! मबरूकने त्याला पाणी पाजलं. त्या माणसाने आपल्या कानाला हात लावला, मग मागच्या भिंतीला, आणि मुठीने ठोकून दाखवलं. तीन. थांबून एक. त्या ठोक्याचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. भिंतीपलीकडून कोणीतरी तसं ठोकत होतं, म्हणून हाही ठोकत होता. पोरांची हाक एका वैऱ्याने पुढे पोचवली होती.

मबरूकने ती भिंतही फोडली. जिलानी बाहेर आला. तय्यब त्याच्या मागे होता, पण पायावर तुळई पडलेली. तो दिसत नव्हता, त्याचा ठोका येत होता. तेवढ्यात वरून हुकूम आला. शत्रूने आवाज ऐकलाय, अर्ध्या तासात भुयार बुजवायचं आहे, सगळे बाहेर या. जिलानीने मबरूकची बाही धरली.

"साहेबाला सांग, मी उत्तर दिलंय," मबरूक म्हणाला, आणि बाही सोडवून घेऊन परत आत गेला.

भुयार बुजवलं. पलटणीच्या दप्तरात त्या दिवसापुढे लिहिलं आहे, हानी किरकोळ.

जिलानी त्या वैऱ्याला घेऊन वर आला आणि जमिनीला कान लावून पडून राहिला. तो पुढे कुराणावर हात ठेवून सांगायचा की त्याला दोन ठोके ऐकू येत होते. एक विचारणारा, एक उत्तर देणारा. आणि दोन्ही हळूहळू दक्षिणेकडे सरकत होते. समुद्राच्या दिशेने, घराच्या दिशेने.

त्याच उन्हाळ्यात ऐन तलहाचा पाट आटत चालला होता. खैरा रोज डोंगराकडच्या शेवटच्या विहिरीशी जाऊन बसायची. एके दुपारी पाटाला पाणी आलं, आणि ते दुधासारखं पांढरं होतं. मंडळी, त्या मुलखाची माती तांबडी आहे. पांढरा दगड शोधूनही सापडायचा नाही. सात दिवस पांढरं पाणी वाहिलं. खैराने ते चाखलं. "ही दुसऱ्या देशाची माती आहे. ते खणत येतायत," ती म्हणाली. मग तिने विहिरीच्या तोंडाला कान लावला, दगड उचलला आणि तीन ठोके देऊन, थांबून, एक दिला.

पुढे लढाई संपली. जिलानी लंगडत घरी आला, आणि त्याच्या मागोमाग एक अंमलदार कागद घेऊन आला. दोघे मेले असं त्यावर लिहिलं होतं, आईने खाली अंगठा उमटवायचा होता. खैराने हात पदराआड घेतला.

"मला अंगठा देता येणार नाही," ती म्हणाली. "मी उत्तर दिलंय."

आणि उत्तर दिल्यावर जागा सोडायची नाही, म्हणून ती त्या विहिरीशीच राहिली. तिथेच झोपडी, तिथेच चूल. एकोणीस वर्षांनी ती तिथेच वारली, आणि त्याच संध्याकाळी जिलानीची बायको आपलं अंथरूण घेऊन तिथे राहायला आली. कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ती विहीर एक दिवसही रिकामी राहिलेली नाही. एक बाई उठते, तिच्याआधी दुसरी येऊन बसलेली असते.

आजही वर्षातून एकदा गाव पाट उपसतं. त्या दिवशी विहिरीशी ताकाच्या तीन वाट्या ठेवतात. एक मबरूकची, एक तय्यबची, आणि एक त्या वैऱ्याची, ज्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. मग सगळी माणसं पाटातून वर येतात. खाली कोणी उरलं नाही ना, हे डोकी मोजून पाहतात. गावातली सगळ्यात म्हातारी बाई दगड घेऊन ठोकते. तीन. थांबून एक. तान्ह्या पोरांना छातीशी धरतात, गाढवांची तोंडं बांधतात, आणि अख्खं गाव जमिनीला कान लावून बसतं.

उत्तर येतं का, असं त्यांना विचारू नका. ते एवढंच सांगतात की गावात मबरूक आणि तय्यबच्या नावाची जनाज्याची नमाज अजून कोणी पढलेली नाही.